गाडी डावीकडे ओढते

प्रिय दादा,

काल सगळ्या गॅरेजसमोर तू मला सुनावलंस, की माझा हात आता पूर्वीसारखा चालत नाही आणि सोमवारी तू ट्रक दुसरीकडे नेणार. उचलली जीभ लावली टाळ्याला! नेशील तेव्हा नेशील, आधी हे वाच. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. चहा पिऊन, डोकं थंड करून वाच. माझं बोलून अजून झालेलं नाही.

गाडी ओढायला लागली की तुम्हा ड्रायव्हर लोकांना एकच शब्द सुचतो, अलाइनमेंट. पोट दुखलं तरी अलाइनमेंट करून घ्याल! अरे, ती सगळ्यात शेवटी. आधी टायरची हवा, मग चाक उचलून ते हलतंय का ते बघायचं, मग स्टिअरिंगचे सांधे, मग मागचा एक्सल. तो तिरका असला तर पुढची चाकं कितीही सरळ करा, गाडी बाजूला जाणारच. आणि या सगळ्याच्या आधी टायर नीट बघायचा, कारण गाडी कशी चाललीय ते त्याच्या झिजेवरून कळतं. पण महाराजांनी काय केलं? माझ्याकडे यायच्या आधीच पुढच्या चाकांची अदलाबदल केली, वर पुढची चाकं जोडणारा टाय रॉडही स्वतःच फिरवून ठेवला. चोरी झाल्यावर घर झाडूनपुसून पोलिसांना बोलावण्यातला प्रकार! तुझ्याऐवजी दुसरा कुणी असता तर पान्हा फेकून मारला असता.

तरी एक दोष सापडला. मागच्या एक्सलला धरून ठेवणाऱ्या दांडीचा रबरी बुश पार गेला होता. तो बदलला, टाय रॉड जागेवर आणला, मापं घेतली, सगळं बरोबर. मी खूश. तू फेरी मारून आलास आणि म्हणालास, अजून ओढते. पुन्हा मापं घेतली. पुन्हा तेच. नाकी नऊ आणलेस रे! शेवटी आपल्या टँकरवाल्या मामांना बसवलं. त्यांनी मोकळ्या रस्त्यावर क्षणभर हात सोडला तरी गाडी सरळ. मी चालवली, तरी सरळ. मग तुझ्या हातात दिली, मी शेजारी बसले, आणि गाडी निघाली डावीकडे. बघ बघ, म्हणून तू ओरडलास. मी तुझे हात बघत होते. गाडी ओढत असली की ड्रायव्हर नकळत स्टिअरिंग उलट्या बाजूला दाबून धरतो. तू दाबत नव्हतास. तुझे हात अगदी सैल होते, म्हणजे गाडी ओढत नव्हती, तूच तिला नकळत डावीकडे नेत होतास.

तू तणतणत निघून गेल्यावर मी परत ट्रकखाली शिरले. मागच्या डाव्या टायरची बाहेरची भिंत खरवडून निघालीय. पुढच्या उजव्याचीही तशीच, आणि त्याने मी चक्रावले. मग आठवलं, चाकं तूच बदललीस, म्हणजे तोही डावीकडचाच. अलाइनमेंट बिघडली तर टायर रस्त्याला टेकतो तिथे झिजतो. त्याची भिंत खरवडते ती फुटपाथच्या दगडाला घासून. डावा आरसाही वाकलाय. कुणी वाकवला विचारलं तेव्हा पार्किंगमधल्या लोकांना शिव्या घातल्यास.

मग एकेक डोळ्यापुढे यायला लागलं. परवा तुमच्याकडे वहिनीने चहा तुझ्या डाव्या हाताशी ठेवला होता आणि तू चहा कुठाय म्हणून तिच्यावर खेकसत होतास. तिला वाटलं, थट्टा करतोयस. जाताना डावा खांदा दाराला आपटलास आणि दार अरुंद म्हणून सुताराचा उद्धार केलास. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

दादा, ट्रकमध्ये आता काहीही बिघाड नाही. तुला डावीकडचं दिसत नाहीये. लोक बाईच्या हातात ट्रक द्यायला कचरत होते तेव्हा पहिली गाडी तू आणून उभी केलीस, आणि तुलाच हे मी सांगायचं, याचा मला इतका संताप येतोय की काय सांगू. रडूही येतंय. त्या डाव्या कडेने सायकली जातात, शाळा सुटल्यावर पोरं जातात. आजवर दगडच घासला, हे आपलं नशीब. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, वहिनीला सांगितलंय, ती सोबत येईल. किल्ली माझ्याकडे आहे आणि ती तुला मिळणार नाही. शिव्या घाल, गॅरेजचं शटर तोड, जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. डॉक्टर हो म्हणाले तर गाडी धुऊन मी स्वतः तुझ्या दारात आणून उभी करीन. नाही म्हणाले तर पुढे काय, ते मला माहीत नाही. पण तुझ्या चाकाखाली कुणाचं पोर आलं, तर त्यानंतर तू जगणार नाहीस, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी