पळपुट्या आणि डिंक्या

ओडबी, लेस्टर
९ एप्रिल

प्रिय रेखा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर 'पर्सनल' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, नाहीतर तुझी रिसेप्शनिस्ट पेशंटचं समजून उघडायची. घरी पाठवलं असतं तर अतुलनेच आधी उघडलं असतं. व्हॉट्सअॅपचं तर बोलायलाच नको. तुझा फोन वाजला की चष्मा शोधायच्या ऐवजी तू त्यालाच वाचून दाखवायला सांगतेस. म्हणून इतक्या वर्षांनी कागद-पेन घेऊन बसले आहे. चहाचा मोठा मग घे आणि दार लावून घे.

मी वैतागले आहे, रेखा. तुझ्या नवऱ्यावर वैतागले आहे, माझ्या नवऱ्यावर त्याहून जास्त, आणि त्या अमेरिकन फुटबॉलवर तर इतकी की टीव्हीवर हेल्मेट दिसलं तरी डोकं उठतं. दोन साठी उलटलेले डॉक्टर, चाळीस वर्षांचे मित्र, एकाने बेशुद्ध करायचं आणि दुसऱ्याने कान उघडायचा अशी कितीतरी ऑपरेशन्स एकत्र केलेले, आणि येत्या ड्राफ्टला त्यांच्या अबोल्याला वर्ष होईल. कशावरून? तर शिकागोच्या टीमने कॉलेजातल्या कुठल्या पोराला घ्यावं यावरून! मी कोणाला सांगायला गेले तर लोक मलाच वेड्यात काढतील.

याची सुरुवात आपल्या दोघींच्या डोळ्यांदेखत झाली, हे त्यातल्या त्यात वाईट. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलातल्या त्या गारठलेल्या क्वार्टर्समध्ये रविवारी संध्याकाळी चॅनल फोरवर तो खेळ लागायचा, आणि हे दोघं ड्युटी नसेल तेव्हा टीव्हीला चिकटून बसायचे. क्रिकेट दिसत नाही म्हणून याची सवय लागली, दुसरं काही नाही. त्या वर्षी शिकागो जिंकलं म्हणून यांनी शिकागो निवडलं, आणि त्यानंतर त्या टीमने ती मोठी फायनल आजतागायत एकदाही जिंकलेली नाही! दुसरं कोणी असतं तर टीम बदलली असती. यांनी मात्र दर एप्रिलला ड्राफ्टच्या दिवशी एकत्र जमायचा नेम धरला. टीम्स पाळीपाळीने कॉलेजची नवी मुलं निवडणार, ते आपल्याकडे रात्री एकला सुरू होणार, आणि त्याआधी चार तास हे दोघं कोणाला घ्यावं यावर वाद घालणार. एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष तुमच्याकडे. आपण दोघी स्वयंपाकघरात गप्पा मारत बसायचो आणि बाहेरून आरडाओरडा ऐकू यायचा. खरं सांगू? मला ते आवडायचं.

आणि वाद काय असायचा ते आपल्याला पाठ होतं. आपल्याला त्या खेळातलं एवढंच कळतं की एक जण बॉल लांब फेकतो आणि दुसरा पळत जाऊन तो झेलतो, आणि त्या झेलणाऱ्याला रिसिव्हर म्हणतात. अतुलला कायम वाऱ्यासारखा पळणारा हवा असायचा. आमच्या माधवला हात हवे असायचे. 'पळायला कोणीही शिकवेल, पण हात जन्माला येताना घेऊन यावे लागतात,' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन. त्याला स्वतःच्या हातांचा गर्व होता. कानातलं तांदळाच्या दाण्याएवढं हाड काढून तिथे दुसरं बसवायचं, आणि तेही श्वाससुद्धा जपून घेत. अतुल भूल देता देता बघायचा आणि घरी येऊन तुला सांगायचा, माधवचे हात बघ, बाकी सगळं विसरशील. हे तूच मला सांगितलं होतंस.

म्हणून मागच्या एप्रिलला तुमच्याकडे जेवताना जे झालं ते मला त्या वेळी मुळीच उमगलं नाही. दोन पोरं होती, आठवतंय? एक विजेसारखा पळायचा पण हातात आलेले बॉल सोडायचा. दुसरा बेताचा पळायचा, पण बॉल त्याच्या हाताला चिकटायचा. आपण त्यांची नावं ठेवली होती पळपुट्या आणि डिंक्या, आणि हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता माधव डिंक्याच्या बाजूने बोलणार हे ठरलेलंच. पण तो पळपुट्याच्या बाजूने उभा राहिला! अतुलला आधी वाटलं थट्टा चाललीये. मग माधवचा आवाज चढला. एवढ्यातेवढ्यावरून पोराला बाद का करायचं, हात सुधारता येतात, त्याला वेळ द्या, त्याच्याजवळ बाकी किती काय आहे. अतुल म्हणाला, 'अरे, तूच चाळीस वर्षं सांगतोयस ना, हात गेले की माणूस संपला म्हणून? मग? आज काय झालं?' आणि वर हसून म्हणाला, 'असल्याला मी तर बाकावरसुद्धा बसवणार नाही.'

माधव ताटावरून उठला. साडेनऊ वाजले होते, तू पुरणपोळीवर तूप वाढत होतीस. त्याने गाडीची किल्ली घेतली आणि मला 'चल' म्हणाला. मी बूट घालायलासुद्धा थांबले नाही, तुझ्या घरातल्या सपाता घालूनच गाडीत बसले. मोटरवेवर मी कव्हेंट्रीपासून लेस्टरपर्यंत बोलत होते. लाज वाटते का, वय काय, वागतोस काय, लोकांच्या घरी जेवता जेवता उठायचं म्हणजे काय. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, एवढं मला आठवतं. मला वाटलं, रागाने धरलंय. दुसऱ्या दिवशी त्याने तो चौघांचा ग्रुप सोडला. आणि कहर म्हणजे शिकागोने पहिल्या दिवशी त्या दोघांपैकी एकालाही घेतलं नाही! पळपुट्या भलत्याच टीममध्ये गेला. तरी यांचं भांडण चालूच.

मग सप्टेंबरात मॅचेस सुरू झाल्या आणि अतुलचे मेसेज सुरू झाले. तुला माहीत आहेत ना ते? दर सोमवारी सकाळी एक. 'तुझ्या पोराने काल दोन सोडले.' 'काल एक, पण मोक्याचा.' पुढे हसणारा चेहरा. तू मला फोनवर म्हणालीस, 'अगं, तो समेट करायला बघतोय, त्याला सॉरी म्हणता येत नाही, तुला माहितेय तो कसा आहे.' मला माहितेय. मीसुद्धा माधवला म्हणाले, बास झालं, उत्तर दे, तोही माणूस हट्टी आहे आणि तूही. माधव मेसेज वाचायचा, फोन पालथा घालायचा आणि बागेत जायचा. मी दोघांच्या नावाने बोटं मोडायची.

दिवाळीत मला खरं काय ते कळलं. आमच्याकडे करंज्यांना मुरड माधव घालतो, हे तू पाहिलंयस. इथल्या मंडळातल्या बायका त्याच्या मुरडीचे फोटो काढतात. मी लाटत होते, तेल तापलं होतं, तो समोर बसला होता. पहिली करंजी फाटली. दुसरीचं सारण सांडलं. तिसरी त्याने तशीच ताटात ठेवली आणि म्हणाला, 'तू कर.' मी तडकले. तेल धुमसतंय आणि हा उठून चाललाय! मी म्हटलं, 'आता कसलं नाटक काढलंयस?' तर त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला. पीठ लागलेला. म्हणाला, 'बघ.' अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, शेवयांचं पीठ वळावं तसे, आपले आपणच. तो थांबवायचा प्रयत्न करत होता आणि ते थांबत नव्हते. मी गॅस बंद केला. म्हणाला, 'एप्रिलपासून माहीत आहे. पार्किन्सन्स.'

रेखा, मी सदतीस वर्षं रेडिओग्राफर होते. अख्ख्या लेस्टरची हाडं पाहिली. आणि घरातल्या माणसाच्या उजव्या हाताचं मला काही दिसलं नाही. तो चहाचा कप डाव्या हाताने घ्यायला लागला होता, मला वाटलं सवय बदलली. ऑपरेशन्स बंद करून नुसती ओपीडी बघायला लागला, मला म्हणाला रिटायरमेंटची तयारी. मी खूश झाले, की चला, आता फिरायला जाऊ.

न्यूरॉलॉजिस्टने त्याला निदान सांगितलं ते मंगळवारी. एकटाच गेला होता. बुधवारी त्याने कामावर सांगितलं की यापुढे मी ऑपरेशन थिएटरमध्ये येणार नाही. आणि गुरुवारी आम्ही तुमच्याकडे जेवायला आलो. आता ते जेवण पुन्हा आठव.

मी त्याच्यावर किती भडकले असेन याची कल्पना तू करू शकतेस. मला सहा महिने सांगितलं नाही! मी रडले ते नंतर, आधी नुसती ओरडले. मग विचारलं, अतुलला का नाही सांगितलंस? निदान तो तरी असं बोलला नसता. तर म्हणाला, 'म्हणूनच. त्याला कळलं की तो माझ्याशी जपून बोलायला लागेल.' आणि माझ्याकडून वचन घेतलं की अतुलला सांगायचं नाही. ते वचन मी आजपर्यंत पाळलं. दर सोमवारी दातओठ खात पाळलं. तो मेसेज आला की मला वाटायचं तुमच्याकडे गाडीने यावं आणि अतुलचा फोन तळ्यात फेकावा.

पण जानेवारीत एक झालं. पळपुट्याची टीम हरली, त्याचे सामने संपले, आणि मेसेज यायचे थांबले. मला वाटलं, सुटलो. पुढच्या सोमवारी बघते तर माधव नाश्ता झाल्यावर फोन समोर ठेवून बसलाय. उचलतोय, बघतोय, ठेवतोय. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. तेव्हा मला कळलं की तो फोन पालथा घालायचा तो वाचून झाल्यावर. दर वेळी आधी वाचायचा. अगं, आता आमच्या घरात त्याला कोणी उलट बोलतच नाही. स्वानंद वेम्बलीहून रोज फोन करतो आणि बाप काहीही म्हणाला तरी 'हो बाबा, यू आर राइट बाबा'. सून हळू आवाजात बोलते, जसं काही घरात बाळ झोपलंय. फिजिओथेरपिस्ट शाब्बास म्हणते. आणि मीसुद्धा, मी, जिने चाळीस वर्षांत एक वाद सोडला नाही, ती परवा त्याने आमटीत दोनदा मीठ घातलं तर गप्पपणे खाल्ली. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं, ताट फेकेल तर बरं. अतुलचे ते दुष्ट मेसेज सोडले तर वर्षभरात त्याच्याशी कोणी धडपणे भांडलेलं नाही.

गोळ्यांनी फरक आहे, ते तुला डॉक्टर म्हणून सांगते. सकाळी बरं असतं, चालतो, गाडी चालवायला अजून परवानगी आहे. संध्याकाळी थकतो. शर्टाची वरची बटणं मी लावते आणि त्या वेळी तो छताकडे बघतो.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. काल त्याच्या टेबलाच्या खणात स्टेपलर शोधताना एक पाकीट सापडलं. अतुलचं नाव, तुमचा पत्ता, वर स्टॅम्पसुद्धा लावलेला. स्वानंदला विचारलं तर म्हणाला, बाबांनी तीन आठवड्यांपूर्वी स्टॅम्प मागवले होते. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून मी बघितलं. आत यंदाच्या रिसिव्हर्सची यादी आहे, दोन पानं, प्रत्येकापुढे टिपण. अक्षर सुरुवातीला बरं आहे आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी मुंगीएवढं झालंय, पण लावलं तर लागतं. पहिल्या नंबरावर कोणाला ठेवलंय ते बघून अतुल संतापणार, एवढं मलाही समजलं. शेवटी लिहिलंय, 'खोडून दाखव.' बाकी ना नमस्कार, ना सही. ते पाकीट याच पत्रासोबत ठेवलं आहे. आधी तू अतुलला सगळं सांग, मग यादी दे. माझं वचन मी मोडलं, त्याचं काय ते मी बघून घेईन. त्याला रडायचं असेल तर तुमच्या घरी रडू दे, चार दिवस घे म्हणावं. पण इथे येऊन तो जपून बोलायला लागला तर त्याला मी दारातूनच परत पाठवेन, हेही त्याला सांग. यंदाची पाळी आमच्याकडे आहे. २३ तारखेला, गुरुवारी, सातपर्यंत या. मी चौघांचा स्वयंपाक करते आहे. माधवला अजून सांगितलेलं नाही.

तुझीच, कंटाळलेली आणि वाट बघणारी,
सुलक्षणा