गंजोबाचं मरण

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

लहानपणी पत्र्याच्या ट्रंकेवर पट्टी बडवत तू गंजोबाची स्वारी आणायचास, तो खडखडाट आज सकाळी कानात घुमला आणि हातातला चहा गार झाला. तुझ्या लोहदेशाचा जादूगार गंजोबा, बोट लावील ते गंजवणारा. माझ्या मेघदेशाचा वृत्तेश्वर, कविता म्हणून शत्रूला जागीच खिळवणारा. कोण वरचढ, हे साठ वर्षं ठरलं नाही. आता मी ठरवलं. आपल्या गोष्टींचं पुस्तक वीस तारखेला छापायला जातं आहे आणि शेवटच्या पानावर गंजोबा मरतो. माझ्या देशात लोखंडच नाही. काठी लाकडाची, किल्ला ढगांचा. तो गंजवणार काय, डोंबल?

उरलासुरला लोभ असू दे.

दादा

८ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून घातला आहे, मनापासून नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, तेव्हा वेळेचं मला सांगू नकोस. तुझा वृत्तेश्वर पहिला चरण घोळवून, यमक शोधून, दम घेईपर्यंत गंजोबा त्याच्या छाताडावर बसलेला असेल. आणि लोखंड हवंय कशाला? घशाला बोट लावलं की आवाज गंजला. मग म्हण कविता. शिवाय दुसऱ्याचा जादूगार त्याला विचारल्याशिवाय मारायचा नाही, हा नियम तूच भिंतीवर खडूने लिहिला होतास. ते पान बदल. नाही बदललंस तर मला भाऊच नव्हता असं समजेन.

लोभ तुझा तुझ्यापाशीच ठेव.

धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद या खेपेस नाहीत.

घशाचा मुद्दा बिनतोड आहे. समोरासमोर गंजोबाच जिंकतो, हे लिहितानाही मला ठाऊक होतं. तरी मारला. का, ते ऐक. दोन वर्षांपूर्वी तुझी वहिनी अंथरुणाला खिळली होती. भाऊजी कधी येणार, म्हणून रोज विचारायची. मी तुला पत्र घातलं, असशील तसा निघून ये म्हणून. तू आला नाहीस. ती गेल्याची तार मिळाल्यावर मात्र पहिल्या गाडीने आलास. उशीर का झाला, ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. तुझ्यावर राग काढता येत नव्हता, म्हणून त्याला मारला. पान बदलणार नाही.

दार वाजलं. बघून येतो.

तुझी बायको आली आहे, एकटीच. एवढ्या वर्षांत तुझ्याशिवाय तिने हा उंबरा ओलांडला नव्हता. बस म्हटलं तर बसत नाही. आपली दोन्ही पत्रं तिने वाचली आहेत. एवढा राग जादूगारांवरून नसतो, म्हणाली. मग पिशवीतून माझं दोन वर्षांपूर्वीचं ते पत्र काढून तिने टेबलावर ठेवलं.

"दादा, तेव्हा ह्यांच्या छातीत कळ येऊन आठवडाच झाला होता. मी हे त्यांना दिलंच नाही."