ताडपत्रीखालचं पाणी

८ जुलै, मंगळवार
श्रीधरचं सूत रंगवायचं काम बंद होऊन दुसरा महिना. लाल पाणी गटारात गेलं म्हणून प्रदूषण मंडळाची नोटीस. आज पीण्या वसाहतीतल्या त्याच्या शेडवर जाऊन आले. सुताचे गठ्ठे तसेच पडलेत, कामगारांपैकी दोघंच येतात. भावाची सगळी भिस्त आता मुलीवर. मेघनाने तिच्या लॅबमधली तपकिरी पावडर आणलीय. पिंपातल्या रंगीत पाण्यात टाकायची, उन्हात ढवळायची. उजेड पडला की पावडर रंग तोडते. मग बाहेरून लोहचुंबक लावायचा, पावडर गोळा, परत वापरायला तयार. मंडळाचे साहेब सोमवारी येणार. पटलं तर काम सुरू, नाही तर शेड सोडायची.
साहेबांना द्यायचं टिपण माझ्याकडे. श्रीधर म्हणाला, "अक्का, पेपरात जन्म गेला तुझा. एका पानात बसव."

१० जुलै, गुरुवार
ढग, भुरभुर. पावडर घातलेल्या पिंपावर सकाळीच ताडपत्री टाकलेली, ती काढायची राहून गेली. संध्याकाळी उघडलं तर पाणी नितळ! श्रीधरने हाताला धरून नेलं. "बघ, हिला ऊनसुद्धा नको. कॉफीही मागत नाही, आपल्या माणसांसारखी." बऱ्याच दिवसांनी हसला.
मेघना हसली नाही. "आत्ते, अंधारात काही व्हायलाच नको होतं."

११ जुलै, शुक्रवार
मेघनाने कालची ती पावडर स्पिरिटमध्ये खळबळली. स्पिरिट लाल. म्हणजे रंग तुटला नव्हता, नुसता पावडरीवर जाऊन बसला होता. लॅबमधला रंग वेगळा, तिथे असं झालं नव्हतं म्हणे. पावडर रंगाने भरली की संपलं. आणि ती लाल पावडर टाकायची कुठे?
जेवताना श्रीधर म्हणाला, "सोमवारी एकच पिंप दाखवायचंय. सरी, बिडू, सोडून दे बाकीचं."
मेघना ताटावरून उठली.

१३ जुलै, रविवार
टिपण. श्रीधरला हवं, 'रंग नष्ट होतो.' मेघनाला हवं, 'रंग पावडरीवर बसतो.' मी लिहिलं, 'रंग पाण्यातून निघतो.' वेळेत दिलं, नेहमीसारखं.
मेघनाने दोनदा वाचलं. "यात खोटं काहीच नाही, आत्ते."
चांगलं झालंय, असं म्हणाली नाही.

१४ जुलै, सोमवार. शेडमध्येच लिहितेय
कडक ऊन. साहेब वयस्क, बोलायला मऊ. पहिलं पिंप, नवी पावडर, पाणी नितळ. मान डोलावली. टिपण सावकाश वाचलं आणि 'पावडर चुंबकाने परत मिळते' यावर बोट ठेवलं.
"मग हीच टाका दुसऱ्या पिंपात. मी स्वल्प, जरासं, शेजारचं युनिट बघून येतो."
श्रीधरने मेघनाकडे पाहिलं. नव्या पावडरीची बरणी तिच्या पायाशीच होती. तिने वापरलेलीच टाकली. तेव्हापासून ढवळतेय.
पाणी अजून लाल. मघापेक्षा फिकं वाटतं, पण मला तसं वाटायलाच हवंय.
"ऊन बरं आहे आज, अक्का," श्रीधर पुन्हा म्हणाला. मी हो म्हटलं.
साहेब गेटातून आत येतायत.