बारा फुटांची रेघ

३ ऑगस्ट, सकाळी ७
नवीन शहर, नवीन खोली, नवीन मी. आजपासून ब्लॉग. रोज एक गल्ली पायी पालथी घालायची, हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या शोधायच्या, त्यावर लिहायचं. डिझाइनच्या विद्यार्थ्याने शहर पायांनी वाचलं पाहिजे. वाक्य फर्मास जमलंय, ब्लॉगच्या माथ्यावर टाकणार.
कल्पना तशी बाबांची. बाबा पेंटर, चाळीस वर्षं पाट्याच रंगवतात. निघताना म्हणाले, तिकडच्या पाट्या बघ आणि मला कळव.

३ ऑगस्ट, संध्याकाळी
निघालो नाही. आधी ब्लॉगचा फॉन्ट ठरायला हवा. स्वतःचं अक्षर धड नसताना दुसऱ्याच्या अक्षराला नावं कशी ठेवणार?

९ ऑगस्ट
सतरा फॉन्ट बघितले. दोन उरले. फिरणं शून्य. पण पाया भक्कम होतोय.

१४ ऑगस्ट
रूममेट आर्किटेक्चरचा. खिशात कायम मोजायची टेप, म्हणून त्याला मी टेपच म्हणतो. रोज मैलोनमैल चालून येतो आणि पाय बादलीत बुडवून बसतो. आज म्हणाला, चल. म्हटलं, नवे बूट चावतात. बूट अजून खोक्यात आहेत हे त्याला दिसत होतं. खोकं ओलांडून एकटाच निघून गेला. न बोलणारी माणसं जास्त टोचतात.

१८ ऑगस्ट
बाबांचा फोन. ब्लॉग कधी दिसणार? मोबाइलवर कसा उघडायचा ते आईकडून शिकून ठेवलंय म्हणे. म्हटलं, उद्या नक्की.

१९ ऑगस्ट
बाहेर ऊन मरणाचं. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये रस्त्यांचे फोटो असतात. पडल्या पडल्या अख्खा बाजार फिरलो. याला फसवणूक म्हणत नाहीत, रिसर्च म्हणतात.
कापडाच्या एका दुकानाची पाटी सापडली. निळ्यावर पिवळी अक्षरं, खाली लांबलचक रेघ. लिहून टाकलं: ‘आज या पाटीखाली बराच वेळ उभा होतो. बारा फुटांची रेघ, ब्रश एकदाही न उचलता ओढलेली.’ ब्रश उचलला की नाही ते फोटोत काय कळणार, पण वाक्याला वजन आलं.

२० ऑगस्ट
बाबांनी पोस्ट तीनदा वाचली. आई सांगत होती, जेवताना हवेत रेघ ओढत होते. फार अपराधी वाटलं. अशा मनःस्थितीत फिरणं बरं नव्हे, म्हणून झोपलो.

२ सप्टेंबर
एकूण पोस्ट सहा. सहाही पलंगावरून. वाचक एक. चांगल्या ब्लॉगला वेळ लागतोच.

५ सप्टेंबर
बोंबला. बाबा परवा येताहेत, ती रेघ बघायला. सकाळच्या गाडीने येणार, संध्याकाळच्या गाडीने परत. त्यासाठी हातातलं काम पुढे ढकललंय.
प्लॅन: उद्या लवकर उठून दुकान बघून ठेवायचं. रस्ता पाठ झाला की पुढचं निभावेल.

६ सप्टेंबर
उठलो तेव्हा अकरा वाजले होते. मग लेक्चर. शिवाय दुकान काय पळून जाणार आहे?

७ सप्टेंबर, संध्याकाळी
दुकान पळून गेलं होतं.
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी मोबाइलमध्ये डोकं घालून पुढे, ते मागे. दोनदा चुकलो. पाटीच्या जागी चकचकीत फ्लेक्स, खाली मोबाइलची कव्हरं टांगलेली. बाबांनी शेजारच्या सलूनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ती पाटी उतरवून चार वर्षं झाली.
मला या शहरात येऊन जेमतेम महिना झालाय. तरी मी म्हटलं, गल्ली चुकली असेल. बाबा फ्लेक्सकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, “बारा फूट एका दमात कुणालाच जमत नाहीत रे. शिडी सरकवावीच लागते. पण तू डोळ्यांनी बघून लिहिलंयस म्हटल्यावर वाटलं, असेल कुणीतरी माझ्याहून चांगला.”
मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा पाजला, गाडीत बसवून दिलं. वाटेत त्यांनी माझ्या जेवणाखाण्याची चौकशी केली, पाटीचं नावही काढलं नाही.

८ सप्टेंबर
आजपासून खरंच फिरायचं. दाराला कुलूप लावत होतो, तेवढ्यात आईचा फोन. बाबा घरी पोचल्यापासून त्या पाटीचंच कौतुक करताहेत. पोराने लिहिलंय अगदी तश्शीच आहे म्हणे. आई खूश होती. उभ्या जन्मात मी बाबांना खोटं बोलताना ऐकलेलं नाही.
परत आत आलो, ब्लॉग उघडला. पहिली कॉमेंट आलीय: ‘स्वतः जाऊन पाहिले. लेखकाने लिहिले आहे ते खरे आहे.’ खाली बाबांचं नाव, नावापुढे ‘पेंटर’.
मी मंजूर केल्याशिवाय कॉमेंट कुणाला दिसत नाही. सेटिंग मीच केलंय, वाचकांची झुंबड उडेल म्हणून. कॉमेंटखाली दोन बटणं आहेत, ‘प्रकाशित करा’ आणि ‘काढून टाका’. दुपार झाली. अजून एकही दाबलेलं नाही.