पुष्पगुच्छाआडचे चार सेकंद

अखिलगृहसाम्राज्यधुरंधरा, घटिकायंत्रविशारदगृहिणी, सकलभाचेगणभयहारिणी (क्वचित् भयकारिणी) मातुलानी, म्हणजेच आमच्या मामी, यांच्या चरणी अपराधी भाच्याचा लोटांगणपूर्वक दंडवत. आपली गुडघेदुखी उताराला लागली असावी.

आपली पृच्छा पावली. मामा आठवडाभर सकाळी स्वहस्ते चहा करून देतात, रस्त्यात थांबून आपली वाट पाहतात, तर त्यांना डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यावे काय? न्यायचेच झाल्यास आधी मला न्यावे.

मामांच्या निवृत्ती-समारंभाची डीव्हीडी करण्याचे कंकण मी बांधले होते. त्यांना ऐकू येत नाही (आणि कानाचे मशीन सहा वर्षे कपाटात, घड्याळांच्या सुट्या भागांत विश्रांती घेत आहे), म्हणून प्रत्येकाचे बोलणे पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटवायचे ठरले. कोणती ओळ कोणत्या सेकंदाला उगवावी नि मावळावी, याची एकशे बेचाळीस ओळींची यादी मी हेडफोन लावून सिद्ध केली. समारंभात मामांच्या घड्याळाच्या दुकानाच्या मालकांनी, शेजाऱ्यांनी, पार व्याह्यांनीही त्यांची स्तुती केली. तेराव्या मिनिटाला आपण. तोंडापुढे पुष्पगुच्छ, नजर मामांच्या दिशेने (पंखा त्यांच्याच डोक्यावर होता), आणि उद्गार: “हा पंखा कुणी बंद करील का? केस विस्कटले सगळे.”

मामी, मी ते स्वच्छ ऐकले. तरीही त्या चार सेकंदांच्या जागी मी लिहिले: “सांगायचं राहून गेलं. माणूस मला फार चांगला मिळाला.” (आपण चष्म्याविना पडद्यावरची अक्षरे वाचत नाही, याचा गैरफायदा घेतला, हेही कबूल.) चकतीवर एकदा उतरलेली ओळ खोडता येत नाही, अशी ही निर्दय विद्या आहे. मामांनी ती वाचली, चष्मा पुसला, मागे नेऊन पुन्हा वाचली. मी मान खाली घालून बशीतली बिस्किटे मोजत बसलो. पाच होती.

आपला,
तोंड दाखवण्यास अपात्र भाचा

ता. क. रविवारी मामा कानाला मशीन लावणार आहेत. “तिला म्हणावं, एकदा समोर बसून बोल. मला ऐकायचंय,” असे त्यांनी मला बजावले आहे. ओळ वर दिली आहे, फार लांब नाही. ती बोलवत नसेल तर खरे सांगावे. मी दाराबाहेर चपला हातात घेऊन उभा असेन.

ता. क. दुसरा. मामांकडे असलेला रिमोट माझा आहे. मागे नेण्याचे बटण त्यांनी दाबदाबून आत घालवले आहे. सुटे बटण कुठेही मिळत नाही. तीन दुकाने पालथी घातली.