ओगराळे कोणाच्या हाती

मी, खाली सही करणारी, धंद्याने रफूवाली, नात्याने एका भावाची थोरली बहीण आणि एका भाचीची आत्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टर तसे म्हणत नाहीत, पण मृत्युपत्राला डोके पुरते, असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही की गोड बोलून मला भुलवलेले नाही. गोड बोलणारी या घरात एकच आहे, ती म्हणजे माझी भावजय, आणि तिला हा कागद सहीपुरताच दिसणार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मला मरायला सवड नव्हती.

थंडीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. एकदा घर भरले की मला धड विचार सुचत नाही, म्हणून आधीच हे उरकत आहे.

कलम पहिले. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि लाकडे ठेवायची पडवी, असे हे घर मला आईकडून आले. भावाने तेव्हा चकार शब्द न काढता हक्क सोडला, याची नोंद असावी. तो मनाने चांगला आहे, फक्त लग्न झाल्यापासून बायकोचा आहे. माझ्यामागे हे घर भाचीला मिळावे. अट अशी की सुट्टीची पहिली संध्याकाळ दरवर्षी याच स्वयंपाकघरात साजरी व्हावी. दुसरी अट कलम पाचव्यात येईल.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल ते भावाला. त्यातून त्याने आधी स्वयंपाकघराचे छप्पर दुरुस्त करावे. दर थंडीत तो वर बघतो, मान हलवतो आणि टेबलावर बादली ठेवतो. मान हलवून छप्पर गळायचे थांबत नाही.

कलम तिसरे. शिवणाचे मशीन, सुया आणि बटणांचे डबे भाचीला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही. शिकावे. माझी मोठी कात्री मात्र कोपऱ्यावरच्या शिंप्याला द्यावी. मी रफू केलेला एका गिऱ्हाइकाचा कोट त्याने आपल्या काचेत टांगून ‘आमचे काम’ अशी पाटी लावली होती. कात्री बोथट आहे. तिला मुद्दाम धार लावलेली नाही.

कलम चौथे. मांजर. लहानपणापासून त्याला दूध मी घातले, कानातली घाण मी काढली, आणि भावजय दारात आली की ते थेट तिच्या मांडीवर. मांजर भावाच्या नावे करत आहे. ते कोणाच्या मांडीवर बसेल हे कायद्याला ठरवता येत नाही, याचे मला दुःख आहे.

कलम पाचवे. ओगराळे. याला आमच्या घरची रीत सांगावी लागेल, कारण उद्या भांडण झालेच तर न्यायाधीशाला ती कुठून ठाऊक असणार. सुट्टी लागते त्या संध्याकाळी सगळे इथे जमतात. प्रत्येकाने एक भाजी आणायची, पण कोणती ते आधी सांगायचे नाही. एका वर्षी सगळ्यांनीच गाजरे आणली आणि आम्ही मुकाट्याने नारिंगी रंगाचे गोड पाणी प्यायलो. जे येईल ते सगळे एका पातेल्यात घालून मोठ्या शेगडीवर सूप करायचे, आणि लांब दांड्याच्या, खोलगट ओगराळ्याने ते एकाच माणसाने सगळ्यांना वाढायचे. बाकी कोणी पातेल्याला हात लावायचा नाही. जी वाढेल तिने सगळ्यांच्या शेवटी, उरेल ते खायचे. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात, तसे आमच्याकडे जिच्या हाती ओगराळे तिचे घर.

आईचे हात चालत होते तोवर ओगराळे आईचे होते. सोलणे, चिरणे, ढवळणे, शेगडी राखणे हे माझ्याकडे. आईनंतर कोण, हे कोणी विचारायची गरजच नव्हती, असे मला वाटत होते. मी वाट पाहत होते. बोलून दाखवले नाही, पण वाट पाहत होते.

मग आईची नजर गेली. त्या थंडीत सूप तयार झाल्यावर ती म्हणाली, “आता माझ्याच्यानं होत नाही. घे ग पोरी,” आणि ओगराळे पुढे धरले. मी टेबलाच्या पलीकडे होते, दुसऱ्या दिवशीसाठी बटाटे सोलत. भावजय नुकतीच पडवीतून लाकडे घेऊन आत आली होती आणि तिच्या अंगात माझा कोट होता. तपकिरी लोकरीचा, कोपरावर मीच ठिगळ लावलेला. तिचे स्वतःचे कोट शोभेचे असतात, थंडी पडली की माझा चालतो. आईने त्या बाहीवरून हात फिरवला, ठिगळ चाचपले, तिला जवळ ओढून कानात काहीतरी पुटपुटून ओगराळे तिच्या हातात दिले. माझी आई कोटावर फसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हातातला बटाटा सोलून संपवला.

मला वाटले, भावजय म्हणेल, ‘अहो आई, ही मी आहे.’ ती काही बोलली नाही. आंधळ्या आईला तिची चूक सगळ्यांसमोर दाखवणे माझ्याही जिवावर आले. त्या आशीर्वादावर माझे नाव होते आणि तो दुसरीच्या पदरात पडला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय.

तेव्हापासून दर थंडीत ती वाढते आणि मी बघते. तिच्या हातून थेंब सांडत नाही. वाढता वाढता ती गोष्टी सांगते आणि भाऊ हसून हसून ठसकतो. तीच गोष्ट मी सांगितली की म्हणतो, “ताई, हे ऐकलंय.” पहिली वाटी ती मला देते, तळातली, दाट. लोकांना वाटते, केवढा मान. मान पाहुण्याला देतात. माझ्याच घरात तिने मला पाहुणी करून ठेवले आहे. आणि मग स्वतः सगळ्यांच्या शेवटी पातेले खरवडून गार झालेले सूप पिते, तेही हसत. तिचा तसा एक फोटो भाचीने भिंतीवर लावला आहे. मी त्याच्यासमोरची खुर्ची टाळते.

मला तिचा हेवा वाटतो, हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. तिचे हसणे, तिची कुंडीतली झाडे, माझे मांजर, या सगळ्यांवर मी पाणी सोडले असते. ओगराळ्यावर नाही सोडवत.

सबब, माझ्यामागे सदर ओगराळे भंगारवाल्याला मोडीत द्यावे. भावजयीने या स्वयंपाकघरात कोणत्याही भांड्याने कोणालाही वाढू नये. तिने वाढल्यास कलम पहिले रद्द समजावे आणि घर कोपऱ्यावरच्या शिंप्याला द्यावे. मग बसा म्हणावे त्याच्या पाटीखाली.

कलम सहावे. साक्षीदार. वकीलसाहेब म्हणाले की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे ऐकताच माझ्या मनात पहिले नाव भावजयीचे आले. तिला उद्या सकाळी बोलावले आहे.

येथवर काल लिहिले. मृत्युपत्र इथेच संपायचे होते, पण पुढचा मजकूर लिहिणे भाग पडले आहे. वकीलसाहेबांनी खुशाल कपाळावर हात मारावा.

भावजय आज सकाळी आली. पिशवीत तिची भाजी होती, वरून रुमाल झाकलेला. मांजर मांडीवर घेऊन ती चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायलाच बसली.

“साक्षीदारानं वाचायचं नसतं,” मी म्हटले. “सही करायची असते.”

“न वाचता मी कुरिअरच्या पोऱ्यालाही सही देत नाही, ताई.”

कात्रीपाशी ती हसली. मांजरापाशी खूप हसली. कलम पाचवे तिने दोनदा वाचले आणि तेव्हा हसली नाही. मग तिने पेन मागितले, सही केली, पेनाचे टोपण नीट बसवले.

“झाली सही. आता मला यातून काही मिळायचं नाही, म्हणून बोलते,” ती म्हणाली. “आधी बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ओगराळ्यासाठी बोलतेय.”

“बोल.”

“आई फसल्या नव्हत्या. बाही चाचपली, मग माझी बोटं चाचपली. एकेक करून. तुमच्या बोटाला सुईचा घट्टा आहे, माझ्या नाही. त्यांना लगेच कळलं.”

“मग तुला कशाला दिलं?”

“तेच कानात सांगितलं. म्हणाल्या, ‘तूच आहेस ते बरं झालं. माझं खेचर जन्मभर शेगडीपुढं राबलंय. हे तिच्या हातात दिलं तर मरेपर्यंत सगळ्यांच्या मागून गार खाईल. तिला पहिली वाटी देत जा, तळातली. आणि तिला सांगू नको, नाहीतर तुझ्या हातून हिसकावून घेईल.’”

हे तिने रचले असेल, असे मला क्षणभर वाटले. वाटावे अशी माझी इच्छाही होती. पण ‘माझं खेचर’ असे आई मला फक्त आम्ही दोघीच असताना म्हणायची, दार लावून, डोक्याला तेल लावताना. ते भावालाही माहीत नाही.

“इतकी वर्षं गप्प का बसलीस?”

“त्यांनी शपथ घातली होती. आणि खरं सांगू का, मला वाढायला आवडतं.” ती थोडा वेळ मांजराला खाजवत राहिली. “पण शेवटी शेवटी सूप फार गार होतं हो ताई.”

मी उठून उगाच खिडकीची काच पुसली. मला रडू आले, हे लिहायला हरकत नाही. पण ज्यांना वाटत असेल की माझा हेवा त्यासरशी निवला, त्यांनी मला ओळखलेच नाही. पूर्वी मला ओगराळ्याचा हेवा होता. आता मला त्या पुटपुटण्याचा आहे. माझ्या आईने माझी एवढी काळजी केली आणि ती सांगितली कोणाला, तर हिला. मी समोर उभी होते. इतक्या थंड्या मी दाट सूप तोंड वाकडे करून प्यायले, ते आईने मला वाढलेले होते, आणि हे एकट्या भावजयीला ठाऊक होते. हे मी तिला कधीही माफ करणार नाही. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, “नका करू. चहा टाकू का?”

सबब, कलम पाचव्यातील शेवटचा परिच्छेद आणि कलम सहावे रद्द. भावजयीची साक्षीची सही मी स्वतः खोडली आहे, कारण आता तिला काही द्यायचे आहे. शिंप्याची कात्री कायम.

कलम सातवे. माझ्यामागे ओगराळे भाचीकडे जावे आणि वाढायचे काम तिने करावे. पहिली वाटी, तळातली, दाट आणि गरम, तिने आपल्या आईला द्यावी. आई नको म्हणेल, लोकांना आधी दे म्हणेल. ऐकू नये. भाचीने मात्र जन्मभर शेवटी जेवू नये. वाढणारीनेही सगळ्यांबरोबर बसावे. रीत मोडली असे कोणी म्हणाल्यास ती मी मोडली असे सांगावे.

कलम आठवे. हे मृत्युपत्र असले तरी मी अजून आहे, आणि सुट्टी आज संध्याकाळी लागत आहे. आज मी वाढणार. हे भावजयीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग आईंना मी काय तोंड दाखवू?”

मी म्हटले, “सांग त्यांना, तुम्ही ओगराळं कोटाला दिलं होतं. कोट माझा आहे.”

तेव्हा कुठे ती पहिल्यासारखी हसली. ते हसणे अजूनही माझ्या डोक्यात जाते.

कलम नववे आणि शेवटचे. माझा तपकिरी कोट भावजयीला द्यावा. अस्तर नवे घातले आहे. ठिगळ काढू नये. माझ्यामागे दर थंडीत, सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी, तिने तो अंगात घालूनच जेवायला बसावे आणि पहिली वाटी गरम असतानाच संपवावी. म्हणजे आई कुठूनतरी बाहीवरून हात फिरवत असेलच, तर या वेळी तिने बोटे चाचपू नयेत. तिचे खेचर जेवत आहे, असे तिला वाटू द्यावे.

सही: रफूवाली, म्हणजेच ताई, म्हणजेच आत्या

साक्षीदार:
१. समोरची बेकरीवाली. (हिने न वाचता सही केली. पावाची भट्टी सोडून आली होती.)
२. शेजारचे दातांचे डॉक्टर. (यांनी वाचून केली आणि चष्मा पुसला.)

स्थळ: स्वयंपाकघर, शेगडीजवळची खुर्ची, फोटोसमोरची
तारीख: थंडीच्या सुट्टीचा पहिला दिवस, भाज्या चिरायच्या आधी