मागचे पाय

४ फेब्रुवारी, टोरंटो

ग्लेन हॅव्हर्टी! इतक्या वर्षांनी, माझ्याच पडद्यावर! नव्या मालिकेत म्हातारा न्यायाधीश झालाय. आणि त्याच्या पावलांना आवाज द्यायचाय कुणी? मी! नटी झाले, बाहुल्या नाचवल्या, कार्टूनमधल्या बदकांसाठी घसा फोडला. आता स्टुडिओत पडद्याकडे बघत, नटांच्या चालीबरहुकूम पाय आपटून त्यांच्या पावलांचे आवाज मुद्रित करते. बरं झालं. सापडला तावडीत.

५ फेब्रुवारी

दिवसभर विनिपेगची ती मुलांची मालिकाच डोक्यात. एकाच मूस हरणाच्या पोशाखात आम्ही दोघं. तोंड आणि पुढचे पाय त्याचे, मागचे माझे. सहा वर्षं कमरेत वाकून, त्याचा पट्टा धरून चालले. आत काळोख, घामाचा वास, आणि पुढून ह्याचं सुरूच — "डावा, डार्का, डावा! झोपलीस काय गं?"

त्या मालिकेचा पुरस्कार घेताना म्हणाला, "मूस म्हणजे मीच." माझं नावसुद्धा नाही! आणि मी खाली प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या. तेच अजून झोंबतं.

८ फेब्रुवारी

करकरणारे बूट शोधून ठेवलेत. न्यायाधीश आला की लोक हसलेच पाहिजेत.

११ फेब्रुवारी

करकरणारे बूट नकोतच! आज त्याच्या चालीवर पाय टाकायला गेले आणि माझाच तोल गेला. त्याचा डावा पाय मागे राहतोय. काळ्या झग्याखाली कुणाला दिसत नाही, पण ते पाय मी डोळे मिटून ओळखते. आजारी आहे, आणि लपवतोय! पुढच्या भागांचा करार अजून व्हायचाय. निर्मात्यांना कळलं की बसला घरी.

मग मी साध्या बुटाचा चामडी तळवा फरशीवर घासला. प्रत्येक डाव्या पावलाला. चांगला मोठ्यानं, निर्मात्यांना ऐकू जाईल असा. आता कोण झोपलंय, ग्लेन?

१२ फेब्रुवारी

दोन डोनट खाल्ले. आनंदानं! उद्या मार्गो, आमची ध्वनिप्रमुख, सगळं ऐकणार.

१३ फेब्रुवारी

मार्गो दारात बर्फाचे बूट काढता काढता म्हणाली, "अगं, सांगायचंच राहिलं. हॅव्हर्टींनी तुझंच नाव घेतलं होतं. म्हणाले, डार्कालाच बोलवा. मूसचे मागचे पाय तीच होती, मी अडखळलो की तीच सावरायची."

तिला तासभर बाहेर बसवलं. मुद्रित केलेलं सगळं पुसलं. पुन्हा चालले, डावं पाऊल उजव्याइतकंच ठाम.

डावा, ग्लेन, डावा! मेल्या, झोपलास काय?